कार्ड निघते, धान्य सुरू होत नाही

महाराष्ट्रात शिधापत्रिका तीन रंगांची असते. १ मे १९९९ पासून वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून वर शुभ्र अशी वाटणी आहे. कार्डाचा रंग पाहून घरात कंट्रोलचे धान्य येते की नाही हे कळायला हवे. १ फेब्रुवारी २०१४ पासून ते कळत नाही. त्या दिवशी राज्यात राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा लागू झाला आणि धान्य कोणाला द्यायचे याची वेगळी यादी झाली. तीत दोन प्रकारची घरे आहेत. अंत्योदय घराला, माणसे कितीही असोत, महिन्याला ३५ किलो. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. आधी तांदळाला किलोमागे ३ आणि गव्हाला २ रुपये पडत, जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट आहेत. केशरी कार्डवाल्यांपैकी काहीजण या यादीत आहेत, काही नाहीत, आणि ‘प्राधान्य कुटुंब’ हा शिक्का शोधल्याशिवाय त्यांच्यातला फरक दिसत नाही.

अर्ज करणारा म्हणजे एकाच खेपेत दोन गोष्टी मागत असतो, कार्ड आणि धान्य. कागद पुरे असले तर पहिली बहुधा मिळते.

कागदांची सुरुवात नाव कमी करण्यापासून होते. एका माणसाचे नाव दोन कार्डांवर चालत नाही. म्हणून लग्न होऊन आलेल्या सुनेला आधी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. मराठी घरात हे काम किचकट होते ते नावांमुळे. लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आडनाव बदलते, क्वचित पहिले नावही बदललेले असते. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी, बँकेच्या पासबुकावर तिसरी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेसमोर उभ्या असलेल्या शेतमजूर बाईच्या पिशवीत असे तिन्ही कागद होते. पिशवी साडीच्या दुकानाची, बंद तुटलेला, कागद प्रत्येकी तीन झेरॉक्ससह. सासू-सासऱ्यांच्या कार्डातून विभक्त होऊन नवरा, ती आणि दोन मुले यांचे नवे कार्ड तिला काढायचे होते. कुटुंबप्रमुख म्हणून अर्जावर तिचेच नाव येणार होते, कारण कायद्याच्या १३ व्या कलमानुसार घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख धरली जाते. ज्या बाईचे नाव कुठल्याच दोन कागदांवर सारखे नाही, तीच प्रमुख. आधारवरचे नाव बदलून घेईपर्यंत पुढचे सगळे थांबले.

त्यानंतर उत्पन्नाचा दाखला. शेतमजुराच्या घरात पगाराची पावती नसते. खुरपणीला वेगळा भाव, कापूस वेचणीला किलोवर, उन्हाळ्यात काहीच नाही. त्यामुळे तलाठ्याचा अहवाल आणि अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र यांवर दाखला उभा राहतो. सेतू केंद्रातला संगणकावर बसलेला मुलगा हा रकाना आला की मान वर न करता विचारतो, “उत्पन्न किती टाकू?” बाई नवऱ्याकडे पाहते, नवरा मुलाकडे. “तुम्हीच टाका साहेब, बसंल तेवढं.” तो ४०,००० टाकतो. यात त्याला लबाडी वाटत नाही आणि ती आहे असे म्हणणेही अवघड आहे, कारण खरा आकडा त्या घरातही कोणाला ठाऊक नसतो. रोजच्या अनुभवाने त्याला एवढेच माहीत आहे की ग्रामीण भागात ४४,००० च्या आत राहिले पाहिजे.

ही ४४,००० ची रेष २०१३ साली प्राधान्य कुटुंबांसाठी आखली गेली. शहरांसाठी ती ५९,००० आहे. वर्षाला ४४,००० म्हणजे महिन्याला ३,६६७ रुपये, सगळ्या घराचे मिळून. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६२ रुपये होती. त्या दराने एका माणसाने २७२ दिवस काम केले तर तो ४४,००० पर्यंत पोहोचत असे. २०२४-२५ मध्ये मजुरी २९७ रुपये झाली, आणि १४९ दिवसांत तीच रेष गाठली जाऊ लागली. नवराबायको दोघेही कामावर जात असतील तर प्रत्येकी ७५ दिवस पुरेत. म्हणजे सरकारने स्वतः ठरवलेल्या रोजगार हमीच्या मजुरीवर वर्षातले अडीच महिने राबलेले जोडपे सरकारच्याच दुसऱ्या नियमाने धान्याला अपात्र ठरते. मजुरी दरवर्षी सुधारली जाते, ४४,००० दहा वर्षे जागचे हलले नाहीत. सेतूतला मुलगा जे ४०,००० टाकतो ते या दोन आकड्यांमधली फट बुजवण्यासाठी.

पुढचे टप्पे ठरलेले आहेत. नव्या कार्डासाठी नमुना १ चा अर्ज, आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा, पासबुक, हमीपत्र. अर्ज ऑनलाइन भरायचा, पुरवठा शाखेत तपासणी, गरज पडल्यास घरी चौकशी, मग तहसीलदारांची मंजुरी. मुंबईत हेच काम शिधावाटप कार्यालयात होते. मंजुरीनंतर बारा अंकी क्रमांक पडतो, आणि लोकांच्या भाषेत कार्ड ‘ऑनलाइन होते’.

त्या बाईचे कार्ड असे ऑनलाइन झाले. केशरी. ते घेऊन ती दुकानात गेली, दुकानदाराने यंत्रावर क्रमांक टाकला आणि धान्य चालू नसल्याचे सांगून तिला पुन्हा तहसिलीत पाठवले. तिथे कारकुनाने सांगितले ते राज्यातल्या कुठल्याही पुरवठा शाखेत ऐकू येते: “इष्टांक शिल्लक नाही.”

इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचे याची वरून बांधून दिलेली संख्या. कायद्याने देशातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के आले. ही टक्केवारी २०११ च्या जनगणनेवर लावून राज्याचा आकडा निघाला, सुमारे ७ कोटी. तो जिल्ह्यांना वाटला, जिल्ह्यांनी तालुक्यांना. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे ७ कोटी हा आकडा तसाच राहिला. २०११ नंतर जन्मलेली मुले, वेगळी झालेली बिऱ्हाडे, कामासाठी शहरात येऊन राहिलेली कुटुंबे या सगळ्यांना त्याच ७ कोटींत बसायचे आहे. सेतूत ४०,००० टाकण्याची सगळी खटपट अर्जदाराला पात्र ठरवते. पात्र माणसाला जागा मात्र द्यावीच लागते असे नाही. कारकुनावर चिडून उपयोग नसतो; त्याच्या संगणकावर तालुक्याची मर्यादा भरली की पुढची नोंद होत नाही, आणि त्याला दिवसात हे वाक्य इतक्यांदा बोलावे लागते की त्यात ना दिलगिरी उरली आहे ना मग्रुरी.

धान्याविना कार्ड अगदीच निरुपयोगी असते असेही नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा पिवळ्या किंवा केशरी कार्डवाल्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांसाठी वेगळी सोय आहे: २०१५ पासून त्यांना स्वस्त धान्य मिळे, २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात येऊ लागले, नंतर १७०. पण ही सोय शेतकऱ्याची आहे आणि त्यासाठी सातबारा लागतो. दुसऱ्याच्या रानात आयुष्यभर राबणाऱ्या मजुराच्या नावे सातबारा नसतो, म्हणून या हिशेबात तो शेतकरी नाही. त्याच जिल्ह्यात, त्याच रंगाचे कार्ड असून त्या बाईला ना धान्य ना पैसे.

नाव यादीत चढल्यावरही काम संपत नाही. दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर दर महिन्याला कुटुंबातल्या कोणीतरी अंगठा लावायचा. शिवाय प्रत्येक सदस्याची ई-केवायसी पुरी व्हावी लागते. वीटभट्टीवर, ऊसतोडीत किंवा नुसत्या वयाने झिजलेला अंगठा यंत्राला वाचता येत नाही. डोळ्याचे आणि चेहऱ्याचे पर्याय पुढे आले, मुदतीही वाढत गेल्या. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या कुटुंबाला ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे तिथल्या दुकानात धान्य उचलता येते.

नव्या माणसासाठी जागा होते ती जुने नाव गेल्यावर. मृत्यू, लग्न, सरकारी नोकरी, दुबार नोंद, अपात्र कार्डांची शोधमोहीम ही त्याची नेहमीची कारणे. घरातले म्हातारे माणूस गेल्यावर नाव कमी करण्याचा नमुना ९ आपणहून भरणारे थोडे, कारण त्यासोबत महिन्याचे ५ किलो जातात. म्हणून अलीकडे जागा मोकळ्या होण्याची मोठी आशा ई-केवायसीवर ठेवली जाते: ज्यांची झाली नाही ती नावे गळणार. त्यांत मेलेली माणसे असतात, गाव सोडून गेलेली असतात, आणि अंगठा न उमटलेली जिवंत माणसेही असू शकतात. मोकळी झालेली जागा पुढे कोणाला मिळाली, हे बाहेरच्याला सहज कळत नाही. कायद्याच्या ११ व्या कलमाने धान्य मिळणाऱ्यांची यादी जाहीर ठेवणे बंधनकारक केले आहे. वाट पाहणाऱ्यांची, अर्जाच्या तारखेनुसार लावलेली यादी ठेवावी असे त्यात कुठे म्हटलेले नाही. म्हणून पिशवीतल्या पोचपावतीवर तारीख असली तरी आपला नंबर कितवा, हे त्या बाईला पुरवठा शाखेत जाऊनच विचारावे लागते.