मूर्खपणा व कलह : पवित्र शास्त्राची शिकवण



'मूर्ख' हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळलेला आहे कीं, त्याचा अर्थ विचारण्याची आवश्यकताच कोणास वाटत नाहीं. गणित चुकलें तो मूर्ख, वाट चुकला तो मूर्ख, बाजारांत फसला तोहि मूर्ख. पवित्र शास्त्र मात्र या शब्दाचा अर्थ निराळा करतें. ज्याची बुद्धि मंद त्यास तें मूर्ख म्हणत नाहीं; ज्यास दुसऱ्याचें ऐकून घेतां येत नाहीं त्यास म्हणतें. आणि या न ऐकण्याचें चारचौघांच्या दृष्टीस पडणारें पहिलें चिन्ह म्हणजे कलह. मूर्खपणा व भांडखोरपणा यांच्या या निकट नात्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे ३१ अध्याय आहेत, आणि त्यांत मूर्खाची गांठ वरचेवर पडते. मूळ इब्री भाषेंत त्याच्यासाठीं एकच शब्द नसून अनेक आहेत. 'पेती' म्हणजे भोळा, कच्च्या मनाचा. त्याच्या मनाचें दार सताड उघडें असल्यामुळें बरावाईट कोणीहि आंत शिरतो. तरी त्याला अद्याप शिकवितां येतें. 'केसील' हा आपल्याच मताला चिकटून बसलेला असतो. समजून घेण्यांत त्याला गोडी नाहीं. आपलें म्हणणें बोलून दाखविण्यांत मात्र फार. 'एवील' बोधाचा तिटकारा करतो, व त्याचा राग तत्काळ बाहेर पडतो. 'लेत्स' म्हणजे निंदक. जें जें चांगलें त्याची टवाळी करणें हाच त्याचा उद्योग. अशाला बाहेर घालविलें कीं त्याच्या मागोमाग भांडणहि निघून जातें, असें नीतिसूत्रकारांचें सांगणें आहे. शेवटचा 'नाबाल', त्याला ना देवाची चाड, ना माणसाची. हे शब्द या क्रमानें मांडून पाहिले म्हणजे ती एक उतरण आहे असें वाटूं लागतें. भोळेपणापासून आरंभ होतो, आणि वेळींच कोणाचें ऐकलें नाहीं तर मनुष्य पायरी पायरीनें खालीं जातो.

महाराष्ट्रीय वाचकांस येथें श्रीसमर्थ रामदासांच्या दासबोधाची आठवण होईल. त्याच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासांत मूर्खाचीं लक्षणें दिलीं आहेत, आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासांत 'पढतमूर्ख' वर्णिला आहे. विद्या पदरीं असूनहि मनुष्य मूर्ख राहूं शकतो, हें आपल्या भाषेंतील या थोर ग्रंथानेंहि ओळखलें आहे. वर्गांत पहिला नंबर आला म्हणजे मूर्खांच्या यादींतून आपलें नांव निघालें, असें कोणी समजूं नये.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत वरील शेवटच्या शब्दाचाच एक धनी भेटतो. त्याचें नांवच नाबाल. त्याच्यापाशीं ३००० मेंढरें व १००० शेरडें होतीं. तेव्हां व्यवहारांत तो कच्चा होता असें म्हणतां येणार नाहीं. शौल राजाच्या भयानें रानोमाळ फिरणाऱ्या दावीदाच्या लोकांनीं त्याच्या मेंढपाळांना रात्रंदिवस संरक्षण दिलें होतें. पुढें लोंकर कातरण्याचा आनंदाचा दिवस आला, तेव्हां दावीदानें दहा तरुण पाठवून नम्रपणें कांहीं शिधा मागितला. द्यावयाचा नव्हता तर 'नाहीं' एवढा एक शब्द पुरे होता. परंतु नाबालानें, कोण हा दावीद, धन्याला सोडून पळणारे चाकर हल्लीं उदंड झाले आहेत, अशा अर्थाचे बोल ऐकवून त्याचा अपमान केला. तें कळतांच दावीदानें तरवार बांधली व ४०० माणसें घेऊन तो निघाला. उजाडेपर्यंत त्या घरचा एकहि पुरुष जिवंत ठेवावयाचा नाहीं, असा त्याचा निश्चय होता.

इकडे एका चाकरानें सर्व हकीकत नाबालाची पत्नी अबीगईल हिच्या कानांवर घातली. आपल्या धन्याशीं कोणास बोलण्याचीच सोय नाहीं, असेंहि तो म्हणाला. मूर्खाची याहून नेमकी व्याख्या करणें कठीण! अबीगईलीनें चाकराचें ऐकलें. तिनें २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पांच मेंढरांचें तयार मांस, हुरडा, खिसमिसांचे १०० घड व अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादल्या आणि ती स्वतः दावीदास सामोरी गेली. पतीची चूक झांकण्याचा तिनें खटाटोप केला नाहीं, व दावीदालाहि टोंचून बोलली नाहीं. पुढें राजपद मिळाल्यावर विनाकारण सांडलेल्या रक्ताची रुखरुख मनाला लागूं नये, एवढेंच तिनें विनविलें. दावीद थांबला, आणि त्यानें देवाचे व तिचे आभार मानले. दुसऱ्या दिवशीं दारूची धुंदी उतरल्यावर नाबालाला हें समजलें, तेव्हां त्याचें काळीज दगडासारखें झालें, व सुमारें दहा दिवसांनीं तो मेला.

या कथेंत नाबालापेक्षां दावीदाकडे अधिक लक्ष द्यावें. आदल्याच अध्यायांत, जिवावर उठलेला शौल राजा गुहेंत हातीं सांपडला असतां त्यानें त्यास अभय देऊन सोडलें होतें. तोच क्षमाशील वीर एका मूर्खाच्या चार शब्दांनीं निरपराध चाकरांसह सारें घर कापून काढावयास निघाला! मोठा अन्याय गिळणारा मनुष्य क्षुल्लक अपमानानें पेट घेतो, आणि ज्याला मूर्ख म्हणावें त्याच्याच पायरीवर क्षणार्धांत जाऊन उभा राहतो. शब्दानें शब्द वाढतो, असें आपण म्हणतोंच. भांडणाचा आरंभ हा बांधाला पडलेल्या भोंकासारखा आहे, असा दृष्टांत नीतिसूत्रकारांनीं दिला आहे. भोंक मुठीएवढें असतें तोंवर तें बुजवितां येतें. एकदां बांध फुटला म्हणजे पाण्याला कोण अडविणार?

मग मूर्खाला उत्तर द्यावें कीं देऊं नये? या प्रश्नावर नीतिसूत्रांच्या २६ व्या अध्यायांत लागोपाठ दोन वचनें आलीं आहेत, आणि तीं परस्परविरुद्ध दिसतात. चौथें वचन, मूर्खाला उत्तर देऊन त्याच्यासारखें होऊं नको, असें बजावतें. पांचवें, तो स्वतःस शहाणा समजूं नये म्हणून त्याला उत्तर दे, असें सांगतें. प्राचीन यहूदी पंडितांनाहि या विरोधानें विचारांत पाडलें होतें. एक वचन धर्मशास्त्राच्या गोष्टींसाठीं व दुसरें संसारांतल्या गोष्टींसाठीं आहे, असा निवाडा तालमुदांत नमूद आहे. म्हणजे सत्याचा प्रश्न असेल तेथें बोलावें, आणि केवळ आपल्या मानापमानाचा असेल तेथें गप्प राहावें. प्रभु येशूच्या चरित्रांत हीं दोन्ही वचनें एकाच प्रसंगांत पाळलेलीं दिसतात. हेरोदानें मौजेखातर पुष्कळ प्रश्न विचारले, तेव्हां प्रभूनें एकाचेंहि उत्तर दिलें नाहीं. परंतु प्रमुख याजकासमोर शिपायानें चपराक मारली, तेव्हां मीं वाईट बोललों असेन तर तें दाखवून दे, नाहीं तर मला कां मारतोस, असें त्यानें शांतपणें विचारलें. त्यांत शिवी नाहीं, शाप नाहीं, आणि भित्रेपणाहि नाहीं.

भित्रेपणाचा उल्लेख मुद्दाम केला. खेळाच्या मैदानावर जो भांडणांतून मागें सरतो त्याला मुलें 'पळपुटा' म्हणतात, आणि त्या एका शब्दाच्या भीतीनें पुष्कळ चांगलीं मुलें हातघाईवर येतात. त्यांनीं उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायांतील इसहाकाची कथा वाचावी. गरारच्या खोऱ्यांत त्याच्या चाकरांनीं विहीर खणली, तों तेथील गुराखी पाण्यासाठीं भांडूं लागले. इसहाकानें तिचें नांव 'एसेक', म्हणजे भांडण, असें ठेवलें व ती सोडून दिली. दुसरी खणली, तिच्यावरूनहि तंटा झाला. तिचें नांव 'सितना', म्हणजे वैर. तीहि त्यानें सोडली. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडलें नाहीं. तिचें नांव 'रहोबोथ', म्हणजे ऐसपैस जागा. इसहाक दुबळा होता म्हणून त्यानें नमतें घेतलें काय? मुळींच नाहीं. तूं आमच्याहून फार बलाढ्य झाला आहेस, असें त्या देशाच्या राजानेंच त्यास पूर्वीं सांगितलें होतें. पुढें तोच राजा आपण होऊन स्नेहाचा करार करावयास आला. ज्या मुलखांत पाण्याच्या थेंबाथेंबाचें मोल आहे, तेथें दोन विहिरी सोडण्यास किती बळ लागत असेल, हें दुष्काळी गांवच्या माणसांस सांगावयास नको.

पालकांसाठींहि एक शब्द. लूकाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायांत एक मनुष्य प्रभूकडे येतो व भावाकडून वतनाचा वांटा मिळवून देण्याची विनंती करतो. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ही भाऊबंदकीच. प्रभूनें न्यायाधीश होण्याचें नाकारिलें आणि एका धनवानाची गोष्ट सांगितली. नवीं कोठारें बांधून वर्षानुवर्षें सुखानें राहण्याचे बेत करणाऱ्या त्या मनुष्यास त्याच रात्रीं मरण आलें. देवानें त्यास मूर्ख म्हटलें. कलहाच्या प्रश्नाला मूर्खाची गोष्ट हें उत्तर! हातभर बांधासाठीं दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारीं घरें आपण पाहतों. त्या घरांतील मुलें भांडावयास शाळेंत शिकत नाहींत. तो धडा त्यांस माजघरांतच मिळालेला असतो.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. हीं लक्षणें वाचून शेजारच्या बांकावर कोण 'केसील' आहे व कोण 'लेत्स' आहे, याचा शोध करूं नये. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें रागाच्या भरांत भावास मूर्ख म्हणणाऱ्यालाच कडक इशारा दिला आहे. हीं लक्षणें म्हणजे आरसा आहे, आणि आरशांत प्रत्येकानें आपलेंच तोंड पाहावयाचें असतें. जीभ सळसळूं लागेल तेव्हां, मी समोरच्याचें सर्व ऐकून घेतलें काय, आणि हा प्रश्न सत्याचा आहे कीं माझ्या मानाचा, हे दोन प्रश्न स्वतःस विचारावे. लांकूड संपलें कीं अग्नि विझतो. तें लांकूड आपल्याच हातांत असतें. तें टाकावें कीं ठेवावें, एवढेंच आपणांस ठरवावयाचें आहे.