मेंदूतला तुंबलेला पाट

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठाने फडबागायतीचे जुने बंधारे आजही दिसतात. पाटाचे तोंड गाळाने बुजले की वरच्या अंगाला पाणी तुंबते, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मेंदूतही असाच एक पाट आहे. लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर, आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी मिलिमीटरभर.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत पाझरतो. मोठ्या माणसात रोज सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो, पण एका वेळी साठा असतो दीडशे मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीनेकदा सगळा द्रव बदलतो. तिसऱ्या पोकळीतून चौथीत जायला एकच बारीक नळी, म्हणजेच तो पाट. ती अरुंद झाली तरी द्रव तयार होणे थांबत नाही. वरच्या तीन पोकळ्या फुगतात, चौथी बहुधा नेहमीएवढीच राहते. एमआरआयमध्ये हा फरक दिसला की अडथळा नेमका कुठे आहे ते कळते.

नळी काही बाळांमध्ये जन्मतःच अरुंद असते. काही मुलग्यांत आईकडून आलेला एल१कॅम जनुकातील दोष कारणीभूत असतो. कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत झालेला रक्तस्राव, मेंदूज्वर, क्षयाचा मेंदूवरील संसर्ग किंवा नळीजवळची गाठ, यांमुळेही वाट बंद होते.

तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसतात, त्यामुळे डोके वाढत जाते. टाळू ताणून वर येते, डोक्यावरच्या शिरा ठळक होतात, बाळ उलट्या करते, किरकिरते. बुबुळे खाली सरकून वरचा पांढरा भाग दिसू लागतो. पण त्याआधी बोलते ती साधी टेप. ती पुढून भुवयांच्या वर आणि मागून डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायची, तीनदा मोजायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके जन्मतः साधारण ३३ ते ३६ सेंटीमीटर असते. पहिले तीन महिने ते महिन्याला दोनेक सेंटीमीटर वाढते. एकाच मापावरून निदान होत नाही, काही घराण्यांत डोकीच मोठी असतात. वाढीचा वेग महत्त्वाचा. शंका आली तर उघड्या टाळूतून सोनोग्राफी करता येते.

उपचार दोन. पोकळीतला द्रव पोटात सोडणारी नळी, म्हणजे शंट. तिच्या आधुनिक झडपेची सुरुवात १९५६ मध्ये अमेरिकेत झाली. भारतात शाहजहांपूरला बनणारी स्वस्त छाब्रा शंट खूप वापरली जाते. दुसरा मार्ग, दुर्बिणीतून तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला नवी वाट देणे. मेंदूतल्या अरुंद नळीच्या अडथळ्यात तो विशेष उपयोगी पडतो, मात्र अगदी लहान बाळांत यश कमी मिळते. शंट बसवलेले मूल पुन्हा उलट्या करू लागले, सुस्त झाले, तर पित्त समजून घरी थांबू नये. शंट तुंबलेली असू शकते.

धुळे आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात धुळे जिल्हा होता. तिचेच आजचे रूप असलेल्या महात्मा फुले योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आहेत. पण सातपुड्याच्या पाड्यावरचे बाळ तिथवर पोहोचायला आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. म्हणून लसीकरणाला जाल तेव्हा आशाताईंना किंवा नर्सताईंना वजनाबरोबर डोक्याचा घेरही मोजायला सांगा, आणि तो कार्डावर तारखेसह लिहून घ्या.