गरम झऱ्याचं पाणी बाटलीत भरण्याआधी: पुगा खोऱ्यात शिकलेला धडा



पीएचडीला लागण्याआधी ‘फील्डवर्क’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर फोटो यायचे. मागे बर्फाचे डोंगर, पाठीवर सॅक, हातात वही. तसे फोटो मिळालेही. पण त्या फोटोंबरोबर मी घरी आणल्या तळाशी पांढरे कण साचलेल्या पाण्याच्या बाटल्या. त्या कणांनी माझं जवळजवळ एक वर्ष खाल्लं. तुमच्यापैकी जे सॅम्पल गोळा करण्याच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

जागा कुठली?

लडाखमधलं पुगा खोरं. लेहहून सिंधू नदीच्या कडेने वर जायचं. वाटेत चुमाथांगला नदीकाठीच गरम पाण्याचे झरे दिसतात. पुढे माहे इथला पूल ओलांडून सुमदोमार्गे आत वळलं की पुगा. उंची साधारण ४४०० मीटर. लेहमध्ये दोन-तीन दिवस थांबून हवेची सवय करून घेतल्याशिवाय इकडे येऊ नका. डोकं दुखत असताना घेतलेली नोंद आणि न घेतलेली नोंद यात फारसा फरक नसतो, हे मी अनुभवाने सांगते.

खोऱ्यातून एक ओढा वाहतो आणि त्याच्या काठाने वाफा निघताना दिसतात. जमिनीवर पांढरे थर असतात. ते बर्फासारखे दिसतात, पण ते बोरॅक्ससारखे क्षार. कुठे पिवळं गंधक. मी पहिल्या झऱ्यात थर्मामीटर घातला तर ८४ अंश दाखवतोय, आणि पाणी मात्र खदखदतंय! मला वाटलं, थर्मामीटर बिघडला. बिघडला नव्हता. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो, त्यामुळे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे झरा त्या जागेच्या उत्कलनबिंदूपाशीच होता.

इथे ज्वालामुखी नाही. भारतीय आणि युरेशियन भूपट्ट जिथे एकमेकांना भिडले, त्या सिंधू सांध्याच्या पट्ट्यात हे खोरं येतं. पाऊस आणि बर्फाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तापतं आणि वर येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात इथे विंधनविहिरी घेतल्या होत्या, कारण प्रश्न साधा आणि मोठा होता: खाली किती उष्णता आहे, आणि ती वापरता येईल का?

खोलातलं तापमान वरून कसं कळतं?

आपण काही दोन किलोमीटर खाली थर्मामीटर सोडू शकत नाही. मग पाण्यालाच विचारायचं. क्वार्ट्झ म्हणजे सिलिका. पाणी जितकं गरम, तितकी जास्त सिलिका विरघळते. पाणी पटकन वर आलं तर तेवढी सिलिका घेऊनच येतं. म्हणजे वरच्या पाण्यातली सिलिका मोजली की खालच्या तापमानाचा अंदाज येतो. फुर्निये यांचं १९७७चं सूत्र असं आहे:

तापमान (अंश सेल्सिअस) = १३०९ ÷ (५.१९ − लॉग सिलिका) − २७३.१५

इथे सिलिका मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅममध्ये आणि लॉग दहाच्या पायाचा. उदाहरणासाठी सोपा आकडा घेऊ. सिलिका १५० असेल तर उत्तर सुमारे १६१ अंश. वाटेत तितकंच थंड, जवळपास सिलिका नसलेलं पाणी मिसळलं आणि सिलिका ७५ वर आली, तर उत्तर १२२. म्हणूनच एका झऱ्यावर कधी भागत नाही. बरेच झरे घेऊन, क्लोराइडसारख्या घटकांवरून मिश्रण किती झालं ते आधी पाहावं लागतं.

माझं काय चुकलं?

सिलिकेसाठी प्रत्येक सॅम्पल जागेवरच डीआयोनाइज्ड पाण्याने दहापट पातळ करायचं असतं. मला हे माहीत होतं. प्रोटोकॉलमध्ये मीच टाइप केलं होतं! पहिल्या दोन झऱ्यांवर केलंही. मग वारा सुटला, बोटं बधिर झाली, पिपेट धरवेना. म्हटलं, बाकीचं लॅबमध्ये करू. बाटल्या गाडीत ठेवल्या. रात्री तापमान शून्याखाली गेलं आणि सकाळी बाटल्यांत बर्फ.

आता बघा काय होतं. २५ अंशांना पाणी स्फटिक नसलेली सिलिका साधारण १२० मिलिग्रॅमपर्यंतच विरघळवून ठेवतं, थंडीत त्याहूनही कमी. त्यात पाणी गोठताना बर्फ क्षारांना बाहेर ढकलतो, उरलेलं पाणी आणखी घट्ट होतं. सिलिकेचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पांढरे कण बसतात. मॉलिब्डेट पद्धत फक्त सुटी सिलिका मोजते. जोडलेली तिला दिसतच नाही.

आणि गंमत म्हणजे माझा डेटा ‘चांगला’ आला! धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद पाच टक्क्यांच्या आत बसला. मी खूश होऊन सरांकडे गेले. सरांनी तक्ता बघितला आणि विचारलं, “हे पहिले दोन झरेच वेगळे का गं?” मी भूशास्त्रीय कारण शोधायला लागले. एक भेग काढून दाखवली, कारण पटेल असं लिहिलंही. सरांनी फक्त म्हटलं, “या दोनांचं काय वेगळं केलं होतंस?” तेव्हा ट्यूब पेटली. वेगळे झरे नव्हते, वेगळ्या बाटल्या होत्या. सिलिका पाण्यात बहुतेक भाररहित असते, त्यामुळे आयनांच्या ताळेबंदात तिची चूक कधी पकडलीच जात नाही.

वरच्याच उदाहरणात १५०ची सिलिका ११० दिसली, तर १६१ ऐवजी १४३ अंश येतात. म्हणजे अठरा अंशांचा ‘शोध’, जो फक्त माझ्या आळसाचा होता. तो छापला गेला असता तर पुढच्या कुणीतरी त्यावर काम केलं असतं, ही गोष्ट मला जास्त लागली. मग पुढच्या सीझनची वाट बघितली आणि पुन्हा गेले.

तर तुम्ही काय कराल?

• पातळ करायच्या बाटल्या लॅबमध्येच तयार करा. ४५ मिली डीआयोनाइज्ड पाणी भरून वजन करा. झऱ्यावर सिरिंजने अंदाजे ५ मिली घाला. परत आल्यावर पुन्हा वजन करा, नेमकं प्रमाण मिळतं. वाऱ्यात पिपेट धरायची गरजच नाही.

• काचेच्या बाटल्या नकोत. बोरोसिलिकेट काचेतून बोरॉन आणि सिलिका दोन्ही पाण्यात उतरतात, आणि आपण मोजतोय तेच. पॉलिथिलीनच्या घ्या.

• पीएच आणि अल्कलिनिटी जागेवरच मोजा. सोड्याची बाटली उघडल्यासारखा कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वाढतो, कधी कॅल्साइटही बसतं. लॅबमधला पीएच हा लॅबमधल्या बाटलीचा असतो, झऱ्याचा नाही.

• धन आयनांसाठी पाणी गाळून त्यात नायट्रिक आम्ल घाला. ऋण आयन आणि समस्थानिकांच्या बाटल्यांत आम्ल नको. समस्थानिकांची बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाही नको.

• प्रत्येक बाटलीचं काय केलं आणि काय करायचं राहिलं, हे त्याच क्षणी वहीत लिहा. ‘पातळ केलं नाही, थंडी’ एवढी ओळ जरी मी लिहिली असती, तरी खोटी भेग काढावी लागली नसती.

• झऱ्याच्या काठाचा कडक दिसणारा थर पोकळ असू शकतो. काठीने तपासल्याशिवाय पाय टाकू नका. आणि हे चांगपा पशुपालकांचं कुरण आहे, त्यांना विचारूनच काम सुरू करा. परवानग्या निघण्यापूर्वी तपासा.

लडाखला थेट जायची गरजही नाही. आपल्या कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी, इकडे गणेशपुरी, वज्रेश्वरी असे कितीतरी गरम झरे आहेत. लोक तिथे श्रद्धेने आंघोळ करतात, त्यामुळे विचारून, कुंडाच्या उगमापाशी, पहाटे सॅम्पल घ्या. दुसऱ्यांदा पुग्याला जाण्याआधी मी तिथेच सगळी पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहिली. दोन गोष्टी विसरले. बरं झालं, तिथेच विसरले.

दुसऱ्या खेपेला पुग्यात पुन्हा वारा होता, पुन्हा बोटं बधिर झाली. पण बाटल्या आधीच वजन करून तयार होत्या. सगळे झरे झाले, एकही पांढरा कण नाही. आणि त्या पहिल्या दोन झऱ्यांचा वेगळेपणा? नव्या तक्त्यात तो कुठेच नव्हता.