एकट्याच्या घरात कुलूप कशाला?

मागच्या व्याख्यानानंतर कोपरच्याच एका श्रोत्यांनी विचारलं होतं: घरातल्या जुन्या संगणकात प्रोसेसर एकच आहे, पण त्यावर लिनक्स टाकलं तर कर्नेलच्या नावापुढे ‘एसएमपी’ दिसतं, म्हणजे अनेक प्रोसेसरांसाठीचं. ही चूक आहे का? आज आपण तेवढंच पाहू.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. सगळे हिशेब त्याच्याकडे. समजा, घरात दुधाच्या हिशेबाची वही आहे, बाकी ५०० रुपये. नवरा-बायको दोघंही एकाच क्षणी ५०० वाचतात, मनात आपापले ४० मिळवतात आणि ५४० लिहितात. व्हायला हवे होते ५८०. बेरीज दोघांचीही बरोबर, तरी ४० गेले. म्हणून नियम करायचा: वही एकाच्या हातात असेल तर दुसऱ्यानं थांबायचं. हेच लॉक. ‘सुटली का, सुटली का’ असं सारखं विचारत थांबायचं असेल, तर तो स्पिनलॉक.

आता घरात माणूस एकच आहे. मग कुलूप कशाला? इथे आपण जरा सावध राहू. एकटं असणं वेगळं आणि मध्ये कोणी न येणं वेगळं. आपण ५०० वाचले, तेवढ्यात बेल वाजली. दारात दूधवाला. त्याचे ४० लगेच मांडले, ५४० झाले. परत येऊन मनातल्या ५०० मध्ये आपले ४० मिळवले आणि पुन्हा ५४०च लिहिले! संगणकात या बेलला इंटरप्ट म्हणतात. त्यावर स्पिनलॉकचा उपयोग नाही. दाराशी गेलेले आपणच वही सुटायची वाट पाहत बसलो, तर ती सोडणार कोण? उपाय एकच, हिशेब पुरा होईपर्यंत बेल बंद ठेवायची.

एसएमपी कर्नेल गरजेप्रमाणे दोन्ही करतं, बेलही बंद ठेवतं आणि कुलूपही लावतं. म्हणून ते एका प्रोसेसरवरही अचूक चालतं. फक्त एकासाठी लिहिलेलं कर्नेल मात्र अनेकांवर तसंच चालवता येत नाही.

मग खर्चाचं काय? लिनक्समध्ये अनेक प्रोसेसरांची सोय १९९६ च्या २.० आवृत्तीत आली. पुढे बरीच वर्षं वितरणं दोन वेगळी कर्नेल देत. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत सूचनेआधी ‘लॉक’ नावाचा एका बाइटचा उपसर्ग लावतात. वाचणं, मिळवणं, लिहिणं चालू असताना दुसऱ्या प्रोसेसरला मध्ये येऊ देऊ नये, असा त्याचा अर्थ. तो महाग पडतो. २००६ च्या २.६.१७ आवृत्तीपासून कर्नेल सुरू होतानाच प्रोसेसर मोजू लागलं. एकच निघाला तर स्वतःच्याच कोडमधले हे उपसर्ग निष्प्रभ करायचे आणि दुसरा सुरू झाला तर परत लावायचे.

तेव्हा प्रश्नकर्त्यांना उत्तर: चूक नाही, कर्नेल बदलू नका. संगणक मंद वाटत असेल तर आधी मेमरी पुरते का ते बघा. आणि आपल्यासाठी एवढं: नियम दिसला की तो कोणत्या भीतीपोटी केला, हे आधी विचारावं. इथे भीती दोन होत्या. एकटं राहिल्यानं त्यातली एकच गेली.