रेड डॉट साइट : चार्जिंगची सोय आणि भरवशाचा प्रश्न

पिस्तुलाने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणावे लागते. चाळिशी उलटली की माशी अंधूक दिसू लागते, आणि अनेक नेमबाज रेड डॉट साइटकडे वळतात ते याच वयात. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणलेल्या या साधनाचे तत्त्व सोपे आहे. लहानशा एलईडीचा प्रकाश लेप दिलेल्या वक्र काचेवरून परावर्तित होऊन समांतर किरणांनी डोळ्यात शिरतो. त्यामुळे लाल ठिपका दूर लक्ष्यापाशी तरंगत असल्याचा भास होतो. लेझरसारखा तो लक्ष्यावर पडत नाही.

आता केबलने चार्ज होणाऱ्या साइट मिळू लागल्या आहेत. सेल विकत घेण्याची कटकट नाही, ही त्यांची जाहिरात. पण हिशेब मांडून पाहावा. सीआर २०३२ या बटण सेलची क्षमता सुमारे २२० मिलीअँपिअर-तास असते. चांगल्या साइटवर ५०,००० तासांचा, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळाचा दावा असतो. तो मध्यम प्रकाशासाठी असतो. भर दुपारी उघड्यावर ठिपका प्रखर ठेवला की हे आयुष्य झपाट्याने घटते. तरीही वाचतो तो मोजक्या सेलांचाच खर्च. उलट लिथियम-आयन बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते, उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि ती आत कायमची बंद केलेली असेल तर तिच्याबरोबर अख्खी साइट टाकून द्यावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी पहिला प्रश्न हाच : बॅटरी बदलता येते का? दुसरा, साइट पिस्तुलावरून न काढता चार्ज होते का? काढून पुन्हा बसवली की नेम सरकण्याची भीती असते. बटण सेल मात्र चार्ज करू नये. त्याच आकाराचा चार्ज होणारा एलआयआर २०३२ पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. तीन व्होल्टच्या साइटला तो झेपेलच असे नाही.

एअरसॉफ्टच्या खेळात धक्का नगण्य असतो. तिथे चार्जिंगची साइट खुशाल वापरावी. फक्त प्लास्टिकच्या गोळीने काच फुटू नये म्हणून पुढे पारदर्शक पॉलिकार्बोनेटची ढाल लावावी. खऱ्या पिस्तुलाची गोष्ट निराळी. स्लाइडवर बसवलेली साइट प्रत्येक गोळीला मागे-पुढे हिसके खाते. एअरसॉफ्टवर वर्षभर टिकली, एवढ्यावरून ती इथे टिकेल असे मानणे धाडसाचे आहे.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये सांगतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर. ६ एमओएचा ठिपका १० मीटरवर साडेसतरा मिलिमीटर जागा झाकतो, आणि एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे! अर्थात ऑलिंपिक पद्धतीच्या पिस्तूल स्पर्धांत अशी साइट चालतच नाही. तिथे खाच आणि माशीच.

ठिपका गोल न दिसता फाटलेला दिसला, तर साइटला दोष देण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. तिथे तो गोल असेल तर दोष बहुधा डोळ्यातील दृष्टिवैषम्याचा.

गोव्यातल्या पावसाळ्यात उघड्या रचनेच्या साइटचे आणखी एक दुखणे आहे. एलईडीवर पाण्याचा थेंब बसला की ठिपका पसरतो किंवा नाहीसा होतो. चारही बाजूंनी बंद असलेली साइट जड आणि महाग असते, पण तिच्या बाहेरच्या काचा पुसल्या की काम भागते. बॅटरी संपली तर काचेतून मूळची माशी दिसते का, हेही दुकानातच पाहून घ्यावे.