हिमनिवारण संवेदक
हिमनिवारण संवेदक : घरगुती शीतकपाटातील (फ्रिजमधील) बाष्पकाचे तापमान ओळखून त्यावरील हिम वितळविण्याची क्रिया वेळेवर थांबविणारा लहान घटक. शीतकपाटाचे दार उघडले की दमट हवा आत शिरते व तिच्यातील बाष्प बाष्पकाच्या थंड नळ्यांवर हिमरूपाने साठते. हिमात हवा कोंडलेली असल्याने ते उष्णतेचे मंद वाहक असते. शिवाय थर वाढल्यास पंख्याने खेळविलेल्या हवेचा मार्गही अडतो. म्हणून स्वयंचलित शीतकपाटात संपीडक काही तास चालल्यावर तो थांबवून बाष्पकाजवळील विद्युत् तापक चालू केला जातो. हिम वितळत असेपर्यंत बाष्पकाचे तापमान ०° से.च्या आसपास राहते व नंतर झपाट्याने चढते. हा चढ संवेदक ओळखतो. प्रत्यक्ष हिमाची जाणीव त्याला नसते.

प्रकार : जुन्या रचनेत द्विधातूची चकती असते. ती थंडीत विद्युत् मंडल जोडते व ऊब मिळताच तोडते. नव्या रचनेत थर्मिस्टर वापरतात. त्याचा रोध तापमान वाढले की घटतो व त्यावरून इलेक्ट्रॉनीय नियंत्रक तापमान ठरवितो.

दोषाची लक्षणे : चकती मंडल जोडेनाशी झाली, तर तापक चालूच होत नाही. थर्मिस्टर वास्तवापेक्षा अधिक तापमान दाखवीत असेल, तर तापक लवकर बंद होतो. दोन्ही प्रसंगी हिम साठत जाते, खालचा कप्पा उबदार होतो व अन्न नासू लागते. थर्मिस्टर कमी तापमान दाखवीत असल्यास तापक गरजेपेक्षा जास्त वेळ चालतो. प्रशीतक द्रव्य कमी झाल्यानेही थंडपणा घटतो; मात्र तेव्हा बहुधा बाष्पकाच्या सुरुवातीच्या भागावरच हिम दिसते. संपूर्ण बाष्पक जाड थराने झाकला असल्यास दोष हिमनिवारण यंत्रणेत किंवा दाराच्या सैल रबरी पट्टीत असतो. हा भेद न पाहिल्यास प्रशीतक भरण्याचा खर्च व्यर्थ जातो.

परीक्षण : प्रथम विद्युत् पुरवठा तोडून व दारे उघडी ठेवून हिम पूर्णपणे वितळू द्यावे. संवेदक नळीवरून निसटला असल्यास तो निर्दोष असूनही चुकीचे तापमान दाखवितो. थर्मिस्टर सुटा करून ठेचलेला बर्फ व पाणी यांच्या मिश्रणात, म्हणजे ०° से.ला, बहुमापकाने त्याचा रोध मोजतात. उदा., २५° से.ला ५,००० ओहम रोध असणाऱ्या एका प्रचलित प्रकारात तो येथे सु. १६,००० ओहम भरतो. इतर प्रकारांसाठी निर्मात्याचे कोष्टक पहावे लागते. द्विधातूची चकती खोलीच्या तापमानाला मंडल तोडलेलेच दाखविते. तो दोष नव्हे. ती जलरोधक पिशवीत घालून बर्फ व मीठ यांच्या मिश्रणात पुरेशी थंड केल्यावरही मंडल जुळले नाही, तरच ती सदोष समजावी. संवेदक निर्दोष आढळल्यास तापक तपासतात. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १५० वॉटच्या तापकाचा रोध सु. ३५० ओहम असतो. तो अनंत आढळल्यास तापकाची तार तुटलेली असते.

दक्षता : हिम सुरीने खरवडू नये. नळीला छिद्र पडल्यास प्रशीतक निसटतो. अनेक आधुनिक शीतकपाटांत आयसोब्यूटेन हा ज्वालाग्राही वायू वापरलेला असल्याने अशी गळती आगीसही कारण ठरू शकते.