असाध्य रोगातील एक साध्य विकार

रेटिनायटिस पिगमेंटोजा या आनुवंशिक रोगात डोळ्यातील जालपटलाच्या प्रकाशग्राही कोशिका हळूहळू नष्ट होतात. प्रथम रात्री दिसेनासे होते. पुढे दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आक्रसत जाते आणि अखेरीस, नळीतून पाहावे तसे, मध्यभागचेच तेवढे दिसते. जगात सुमारे 4,000 व्यक्तींमागे एकास हा रोग होतो, असे मानतात. परंतु नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील लोकांची पाहणी झाली, तेव्हा हे प्रमाण सुमारे 750 मध्ये एक असे आढळले. नागपूरहून त्याच लोहमार्गावर पूर्वेस असलेल्या रायपूरच्या परिसरातील कुटुंबांनाही हा विषय म्हणूनच दूरचा नाही.

रुग्णाजवळ उरलेली दृष्टी जालपटलाच्या मध्यावरील पीतबिंदूवर अवलंबून असते. डोळ्याच्या पोकळीतील काचाभ द्रव्य आकसताना पीतबिंदूला ओढ बसून काही थोड्या रुग्णांत तेथेच छिद्र पडते. अक्षरे मधोमध पुसट होतात, सरळ रेषा वाकडी दिसते. रुग्ण व त्याचे आप्त याला मूळ रोगाचीच पुढची पायरी समजतात आणि वैद्याकडे जात नाहीत. खरी हानी होते ती येथे.

असे छिद्र बुजवता येते, हे केली व वेंडेल या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 1991 साली दाखवून दिले. डोळ्याच्या श्वेतपटलाला सूक्ष्म छेद देऊन काचाभ द्रव्य काढून टाकतात. जालपटलाचा सर्वांत आतील पापुद्रा रंगद्रव्याने रंगवून अलगद सोलतात. ओढ नाहीशी होते. मग डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो छिद्रावर टेकून राहावा यासाठी रुग्णास बहुधा काही दिवस मान खाली घालून राहावे लागते. वायू विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो, कारण उंचीवर वायू प्रसरण पावून डोळ्यातील दाब वाढतो.

छिद्र बुजले की नाही, हे प्रकाशकिरणांनी घेतलेल्या जालपटलाच्या छेदचित्रावरून कळते. मात्र छिद्र बुजणे म्हणजे दृष्टी परत येणे नव्हे. मृत कोशिका पुन्हा जिवंत होत नाहीत आणि मूळ रोगही थांबत नाही. काही रुग्णांना अधिक स्पष्ट दिसू लागते, काहींना फारसा फरक जाणवत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी हे रुग्णाला स्वच्छ सांगणे हे वैद्याचे कर्तव्य होय. असाध्य रोगाच्या रुग्णाला होणारी प्रत्येक हानी असाध्यच असते असे नाही; म्हणून दृष्टीत अचानक झालेला बदल तपासून घेणे अगत्याचे आहे.